मुकादम, मॅडम, साहेब आणि आपले ब्लडप्रेशर

दवाखान्यात गेल्यावर डॉक्टर विचारतात, जेवण कसे आहे, झोप लागते का, तंबाखू खाता का. तुमचा मुकादम कसा आहे, हे मात्र कुणी विचारत नाही. खरे तर तेही विचारायला हवे. डोके जड होते, छातीत धडधडते, जेवल्यावर जळजळते, रात्री दोनला जाग येते आणि मग पहाटेपर्यंत डोळा लागत नाही, अशा तक्रारी वस्तीत घरोघरी ऐकायला मिळतात. अशा वेळी आम्ही एक साधा प्रश्न विचारतो : सुट्टीच्या दिवशीही असेच होते का? पुष्कळजण थोडे थांबतात आणि म्हणतात, नाही, सुट्टीला बरे वाटते, पण संध्याकाळी उद्या कामावर जायचे आठवले की पुन्हा सुरू होते.

म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर औषधगोळ्यांऐवजी कामावरच्या माणसांबद्दल बोलू. दिवसातले आठ-दहा तास आपण ज्यांच्यासोबत काढतो, त्यांच्याशी आपले कसे आहे, याचा हिशोब शरीर ठेवत असते.

अंगावर कुणी ओरडले की मेंदूला तो धोका वाटतो. समोर साप दिसल्यावर जे होते तेच थोड्याफार प्रमाणात होते. ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल नावाची द्रव्ये रक्तात सुटतात, हृदय जोरात धावते, रक्तदाब चढतो, स्नायू आखडतात. साप निघून गेला की शरीर पूर्वपदावर येते. पण सुपरवायझर निघून जात नाही. तो उद्याही गेटवर उभा असतो. रोज हीच अवस्था राहिली की झोप मोडते, पोट बिघडते, साखर आणि रक्तदाब यांना चढायला वाव मिळतो. मग माणूस आपल्या परीने उतारा शोधतो. कुणी दिवसातून दहा पुड्या खातो, कुणी घरी येताना दारूच्या गुत्त्याकडे वळतो. रोग कामावर सुरू झालेला असतो आणि बोल लागतो फक्त व्यसनाला.

हे केवळ अंदाजाने सांगत नाही. इंग्लंडमध्ये १९६७ पासून लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतील सुमारे १८ हजार पुरुष कर्मचाऱ्यांच्या प्रकृतीची पाहणी झाली. ‘व्हाइटहॉल’ या नावाने ती ओळखली जाते. सर्वसाधारण समज असा की हृदयविकार मोठ्या साहेबांना होतो, कारण डोक्याला ताप त्यांना. निघाले उलटे. शिपाई, दरवान अशा सर्वांत खालच्या पायरीवरच्या लोकांत हृदयविकाराने होणारे मृत्यू वरच्या अधिकाऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट होते. बिडी-सिगारेट, वजन, रक्तदाब हे सारे हिशोबात धरूनही फरक पुरता मिटला नाही. १९८५ मध्ये दुसरी पाहणी सुरू झाली, तिच्यात स्त्रियाही होत्या. ज्याला आपल्या कामात स्वतःचे काही ठरवता येत नाही, त्याला हृदयविकाराचा धोका जास्त, असे तिच्यातून पुढे आले. काम जड, ठरवण्याचा अधिकार शून्य आणि पाठीशी कुणी नाही, हे तीन एकत्र आले की माणूस लवकर झिजतो.

आपल्या वस्तीतल्या बहुतेक नोकऱ्या याच तिढ्यात अडकलेल्या आहेत. ठेक्यावरची सफाई, सिक्युरिटी, हाउसकीपिंग, घरकाम, नाका, गोदाम. काम किती जड असावे हे एकट्याने बदलणे आपल्या हाती नाही. पण कामात थोडा तरी आपला शब्द चालणे आणि सोबतीला माणूस असणे, या दोन गोष्टी संबंधांतून मिळवता येतात. कामावरचे चांगले संबंध ही आम्हाला म्हणूनच तब्येतीची बाब वाटते. साहेबाच्या पुढे-पुढे करण्याशी त्याचा काही संबंध नाही. लाचारीने रक्तदाब उतरत नाही, उलट आतल्या आत चढतो.

वरच्या माणसाशी बोलण्याचीही एक रीत आहे. पहिली गोष्ट वेळेची. सकाळी हजेरी चालू असताना, दहा माणसांसमोर, मुकादमाला स्वतःवरूनच बोलणी बसलेली असताना आपण तक्रार घेऊन गेलो तर उत्तर ‘नाही’ असेच येणार. चौघांसमोर तो माघार घेऊ शकत नाही. तीच गोष्ट काम आटोपल्यावर बाजूला घेऊन सांगितली तर निदान ऐकली जाते. ‘साहेब, दोन मिनिटे बोलायचे आहे, केव्हा येऊ?’ एवढे विचारायला काही लागत नाही. आणि केव्हा येऊ हे विचारणारा माणूस आपोआप बरोबरीने उभा राहतो, हे आम्ही पाहिले आहे.

दुसरी गोष्ट, बोलणे कामाबद्दल असावे, माणसाबद्दल नको. ‘तुम्ही आम्हालाच छळता’ म्हटले की भांडण सुरू. त्यापेक्षा असे म्हणून पाहा : ‘साहेब, आज दोन माणसे कमी आहेत. दोन्ही रस्ते पुरे होणार नाहीत. आधी बाजाराची बाजू घेऊ की शाळेची?’ यात काम नाकारलेले नाही, पण सगळे होणार नाही हे त्याच्या तोंडून मान्य करून घेतले. संध्याकाळी दुसरा रस्ता का राहिला म्हणून ओरडायला त्याला जागा उरत नाही. अशी वाक्ये घरी एकदोनदा मोठ्याने म्हणून पाहावीत. आयत्या वेळी राग पुढे येतो आणि शब्द मागे राहतात, तसे मग होत नाही.

उशीर होणार असेल तर फोन उशीर होण्याआधी करावा, झाल्यावर नको. रजा आधी सांगावी. आणि आजारी नसताना आजारी असल्याचे सांगू नये, कारण खरा ताप येतो त्या दिवशी कुणी विश्वास ठेवत नाही. पंचशीलातले चौथे शील इथे व्यवहारातही कामाला येते.

घरकाम करणाऱ्या ताई-मावशींचे निराळे आहे. तिथे मुकादम नाही, युनियन बहुधा नाही, चार भिंतींत मॅडम आणि आपण. म्हणून पहिल्याच दिवशी बोलून ठरवणे सर्वांत महत्त्वाचे : कोणती कामे, किती माणसांची भांडी, महिन्याला किती सुट्ट्या, पगार कोणत्या तारखेला, उचल घेतली तर कशी कापायची. आणखी एक, बाथरूम वापरायला मिळेल का, हेही त्याच दिवशी विचारावे. पुढे लाजून महिनोन्‌महिने लघवी रोखून धरण्यापेक्षा एक दिवस लाज गिळणे बरे. काम वाढले की लगेच सांगावे. ‘मॅडम, पाहुणे आठवडाभर आहेत म्हणता, भांडी दुप्पट होतील. तेवढ्या दिवसांचे वेगळे ठरवू या.’ हे हसून सांगता येते. सहा महिने मनात धरून एके दिवशी काम सोडून येण्यात पगारही जातो आणि प्रकृतीही.

मालक-नोकराचे नाते कसे असावे, यावर तथागतांनी राजगृहात सिगाल नावाच्या तरुणाला उपदेश केला आहे. दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात तो येतो. मालकाची पाच कर्तव्ये त्यात सांगितली आहेत : नोकराच्या ताकदीप्रमाणे काम द्यावे, त्याला अन्न आणि वेतन द्यावे, आजारपणात त्याची काळजी घ्यावी, घरात चांगलेचुंगले झाले तर त्याच्याशी वाटून खावे आणि वेळेवर सुट्टी द्यावी. नोकराकडूनही अपेक्षा आहे : दिलेले तेवढेच घ्यावे, काम नीट करावे, मालकाचे बाहेर चांगले बोलावे. आम्हाला यात लक्षात घेण्यासारखे वाटते ते हे की मालकाचीही कर्तव्ये मोजून सांगितली आहेत. ताकदीप्रमाणे काम, आजारात काळजी, वेळेवर सुट्टी, या आजच्या भाषेत आरोग्याच्याच मागण्या झाल्या. आपण त्या मागतो तेव्हा मेहेरबानी मागत नसतो.

तासांबद्दल थोडे. साहेब खूश राहावा म्हणून आपली मुले, विशेषतः सिक्युरिटीतली, डबल ड्युटीला कधी नाही म्हणत नाहीत. बारा तासांप्रमाणे सहा दिवस म्हणजे आठवड्याला ७२ तास. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्याला, ३५ ते ४० तास करणाऱ्याच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी जास्त असतो. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते, तेव्हा कारखान्यांतील कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आणणारे विधेयक त्यांनी मांडले आणि १९४६ मध्ये त्याचा कायदा झाला. त्यामागे हेच शरीर होते. पैशाची अडचण असते, हे आम्हाला कळते. निदान डबल ड्युटी सलग दोन दिवस घेऊ नये, आणि नाही म्हणायचे तर कारणांची माळ न लावता म्हणावे : ‘साहेब, काल डबल केली, आज जमणार नाही. शुक्रवारी करतो.’

आता सोबत काम करणाऱ्यांकडे वळू. साहेबापेक्षा जास्त वेळ आपला यांच्याबरोबर जातो आणि खरे सांगायचे तर जास्त त्रासही पुष्कळदा इथूनच होतो. त्याचे मूळ बहुधा तीन ठिकाणी सापडते : चुगली, उसने पैसे आणि पगाराच्या दिवसाची पार्टी.

सम्यक वाचेत खोटे बोलू नये, कठोर बोलू नये, वायफळ बोलू नये यांबरोबर चहाडी करू नये हेही आहे. कामावर चुगलीला भाव असतो, कारण ठेकेदाराला माणसे फुटलेली हवी असतात. एकाची बातमी दुसऱ्याने आणून दिली की त्याचे काम सोपे. म्हणून कुणी आपल्या कानात तिसऱ्याबद्दल सांगू लागला की एवढेच म्हणावे, ‘त्यालाच विचारू या का?’ गोष्ट तिथेच थांबते. मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये साहेबाला शिव्या लिहिणे तर मुळीच नको. ते कोण कुणाला दाखवेल याचा नेम नाही.

उसने देताना बुडाले तरी चालतील तेवढेच द्यावेत. त्याहून मोठ्या रकमेसाठी बचत गट आहे. मैत्री आणि हप्ता एका माणसात ठेवला की दोन्ही बुडतात. पार्टीला जायचे नसेल तर उपदेश न करता टाळावे. दारू सोडलेला माणूस पिणाऱ्यांना प्रवचन देऊ लागला की त्याचे सोबती तुटतात आणि एकटा पडलेला माणूस पुन्हा बाटलीकडे वळायला वेळ लागत नाही. ‘मी चहा घेतो’ म्हणून थोडा वेळ बसून उठावे.

सोबत मिळवायची तर द्यावीही लागते. नव्या मुलाला पहिल्या दिवशी हत्यार कसे धरायचे, कोणत्या कोपऱ्यात काच असते, कोणत्या सोसायटीत कुत्रे सुटे असते, हे सांगणारा माणूस त्याच्या कायम लक्षात राहतो. कुणाच्या मुलाची परीक्षा असेल तर पाळी बदलून द्यावी. डबा एकत्र बसून खावा. एकटे खाणारा माणूस आजारी पडला तर दोन दिवस कुणाला कळतही नाही.

इथे एक कडू गोष्ट बोलायलाच हवी. आपल्या सोबतीला मातंग असतात, वाल्मीकी असतात, मुसलमान असतात, यूपी-बिहारची मुले असतात. आपल्याला कुणी खालचे समजले तर संताप येतो, पण आपण त्यांच्याबद्दल काय बोलतो, कुठल्या नावाने हाक मारतो, हेही एकदा ऐकावे. जयंतीला समतेवर भाषण आणि कामावर ‘ए भैया’ हे जमणारे नाही. ज्याला रोज हिणवले, तो अडचणीच्या दिवशी आपल्या बाजूने उभा राहणार नाही.

मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास आठवावा. चांगल्या पगाराच्या विणखात्यात अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता. तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे आणि इतर कामगारांना त्याचा विटाळ वाटे. म्हणजे आडकाठी नुसत्या मालकाची नव्हती, शेजारी काम करणाऱ्याचीही होती. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे स्पष्ट मांडला. आणि त्याच बाबासाहेबांनी दहा वर्षांनी, ७ नोव्हेंबर १९३८ रोजी, औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध कम्युनिस्ट पुढाऱ्यांच्या बरोबरीने मुंबईत मोठा संप केला. अन्याय बोलून दाखवला म्हणून सोबत तुटली नाही आणि सोबत हवी म्हणून अन्याय झाकलाही नाही. सहकाऱ्यांशी वागण्याचा याहून चांगला धडा आम्हाला माहीत नाही.

हे सगळे झाले ओरडणे, रुसवे, कामाची ओढाताण यांबद्दल. अपमान ही वेगळी गोष्ट. भर उन्हात, घाईत कुणाच्या तोंडून वावगा शब्द गेला तर तो सोडून देता येतो. एका ब्राह्मणाने तथागतांना येऊन शिव्या दिल्या, तेव्हा त्यांनी त्याला विचारले की पाहुण्यांपुढे ठेवलेले अन्न त्यांनी घेतले नाही तर ते कुणाचे राहते? ज्याचे त्याचेच. तसे तुझे शब्द मी घेत नाही. रात्री अंथरुणावर तेच बोलणे पुन्हापुन्हा आठवून झोप घालवणाऱ्यांना ही गोष्ट औषधासारखी आहे.

पण तिचा अर्थ सहन करत राहा असा कुणी लावू नये. चहाचा कप वेगळा ठेवणे, माठाला हात लावू न देणे, जातीवरून बोलणे, बाईमाणसाच्या अंगचटीला येणे, हे ‘संबंध सुधारून’ सुटत नाही, आणि त्यात चूक आपली नसते. १९१८ मध्ये बाबासाहेब सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, तेव्हा प्राध्यापकांच्या माठातले पाणी त्यांनी पिण्याला काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली होती. एवढ्या विद्वान माणसाच्या बाबतीत हे घडले. तेव्हा आपण जास्त गोड वागलो असतो तर झाले नसते, असे म्हणून स्वतःला खाऊ नये.

अशा वेळी हात उचलू नये, त्याने आपलीच बाजू पडते. त्याच दिवशी वहीत लिहावे : तारीख, वेळ, जागा, नेमके शब्द, तिथे कोण होते. घरी आणि एका विश्वासू सोबत्याला सांगावे. चारचौघांत जातीवरून अपमान करणे हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. बौद्ध झालेल्यांना १९९० पासून अनुसूचित जातीचा दर्जा आहे, म्हणून जातीचा दाखला घरात तयार ठेवावा. माहितीसाठी १४५६६ ही हेल्पलाइन आहे. लैंगिक छळाची तक्रार २०१३ च्या कायद्याखाली तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची असते. दहा किंवा जास्त माणसे असलेल्या ठिकाणी त्यासाठी समिती असावी लागते, आणि घरकाम करणाऱ्या बहिणींसाठी जिल्हा पातळीवर स्थानिक समिती असते.

पाणी आणि शौचालय हा प्रश्नही एकटीने नव्हे, चौघींनी मिळून मांडावा. जायला जागा नाही म्हणून बायका दिवसभर पाणी पीत नाहीत, मग लघवीला जळजळ, ताप, ओटीपोटात दुखणे. चौघी मिळून गेल्या की सुपरवायझरला ती एकीची तक्रार म्हणता येत नाही. ठेकेदाराकडे पगार २१ हजारांपर्यंत असेल तर ईएसआयचे कार्ड आहे का, हेही तेव्हाच विचारून घ्यावे. पुरेसे दिवस वर्गणी भरली गेली असेल तर डॉक्टरांच्या सर्टिफिकेटवर वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. ताप अंगावर काढून कामावर जाणे त्याने वाचते.

घरी आल्यावर मुकादमाचा राग बायको-मुलांवर निघतो. बायकोही कुठल्या तरी मॅडमचे बोलणे ऐकून आलेली असते, हे ध्यानात येत नाही. दारातच हातपाय धुऊन दहा मिनिटे शांत बसावे, श्वास आत येतो, बाहेर जातो, एवढेच पाहावे. आनापान ज्यांनी विहारात शिकले आहे त्यांना वेगळे सांगायला नको. मग दिवसभरात काय झाले ते एकमेकांना सांगावे. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास असेल, कशात रस वाटत नसेल, जिवाचे बरेवाईट करावे असे मनात येत असेल तर थांबू नये. १४४१६ हा टेली-मानसचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येते.

रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून वर वेगवेगळ्या दिवशी दिसला तर डॉक्टरांना दाखवावे आणि सुरू झालेली गोळी आपल्या मनाने बंद करू नये. मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, बिडी नको, पाच मिनिटे पाठ टेकून बसावे, मोजताना बोलू नये. आकडा त्याच कामाच्या वहीत तारखेसह लिहावा आणि शेजारी त्या दिवशी कामावर काय झाले ते दोन शब्दांत. महिन्याभराने ही वही डॉक्टरांपुढे ठेवावी.